सुनयनाचं वाण

मेलेल्या सवाष्णीनं दिलेलं वाण उकिरड्यावर फेकायची हिंमत तुमच्यात आहे का? खरं सांगा. आमच्या बेला गावात तरी कितीतरी दिवस कोणाची झाली नव्हती.

मरायच्या वर्षी, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सुनयनानं गोळ्यांच्या डब्या लुटल्या होत्या. बोथच्या बाजारात एक गाडीवाला भोंगा लावून विकत होता. ‘ए’ जीवनसत्त्व, अँटिऑक्सिडंट, ‘औरतों का कवच’! “घ्या वं बायांनो, आता छातीत गाठ येत नाय,” म्हणत ती प्रत्येकीच्या कानाशी डबी खुळखुळ वाजवायची अन् हसायची. तेव्हा तिच्याच छातीत गाठ होती. दुखत नव्हती, म्हणून तिनं ती रोगात धरलीच नाही. नवा कापूस घरात यायच्या आत ती गेली. नवऱ्याआधी, भरल्या कपाळानं गेली, म्हणून बायांनी तिच्या डब्या देवाजवळ मांडल्या. हळदकुंकू वाहिलं. विकणारा मात्र पुन्हा दिसला नाही. कसा दिसेल हरामखोर!

रेणुकाबाई तिची थोरली जाऊ. घरच्या मळ्यातली मेथी, गाजरं टोपल्यात घेऊन दारोदार विकते. ज्या दारात टोपलं उतरवावं, तिथं आत देवापाशी ती पिवळी डबी. भाजी तोलता तोलता तिला खुळखुळ ऐकू येते. कधी खरंच कोणी गोळी काढत असते. कधी घरात कोणीच नसतं, तरी कानाशी सुनयनाचा आवाज येतो, “जाऊबाई, तुमी घेतली का आजची?”

यंदा सुनयनाची लेक मयूरी माहेरी आली. रेणुकाबाई सकाळी भाजी द्यायला गेली, तर पोरगी तळहातावर तीन गोळ्या घेऊन उभी.

“काऊन वं, तीन-तीन?”

“आईचं वाण हाय, मोठी आई.”

“तुह्या आईले वाचवलं का त्या वाणानं?”

“तिनं उशिरा सुरू केल्या. मी आतापासूनच घेऊन राह्यली.”

रेणुकाबाईनं टोपलं खाली ठेवलं. “आतापासून म्हंजे? काय लागलं हाताले?”

मयूरीनं मोठ्या आईचा हात धरून आपल्या काखेजवळ नेला. हरभऱ्याएवढी. टणक. कानाशी खुळखुळ अशी सुरू झाली, की रेणुकाबाईला पुढचं ऐकूच येईना.

सुनयनाला फार उशिरा आदिलाबादला नेलं, तेव्हा डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या होत्या ते रेणुकाबाईला पाठ होतं. गाजर खा, पालेभाजी खा, अंगाला चांगलंच. पण असल्या गोळ्यांनी छातीचा कॅन्सर टळतो, हे सिद्ध झालेलं नाही. ‘ए’ जीवनसत्त्व जास्त झालं तर लिव्हर बिघडतं. अन् गाठ दिसली की आधी तपासणी.

तिनं डबी उचलली अन् नालीत उपडी केली. शेजारची राहीबाई दारातून ओरडली, “अवं, सवाष्णीचं वाण! पाप लागंल!”

“लागू दे मले! तू येतं का पोरीसंग दवाखान्यात? नाय? मंग तोंड मिट!”

मयूरी रडत होती. “मोठी आई, आईसारखीच निघाली तं काय करू?”

“मी हाय ना. चप्पल घाल.”

सुई टाकून तपासणी झाली आहे. रिपोर्ट यायचा आहे. मयूरी जेवत नाही. रेणुकाबाई रोज टोपलं घेऊन निघते, नालीत ओतायला दारोदार डबी मागते. कोणी देतं, कोणी दार लावून घेतं. लावलेल्या दारामागून खुळखुळ ऐकू येते.

तुमच्या घरातल्या बाईला आजच विचारा, छातीत, काखेत हाताला काही लागतं का. लागत असेल, तर गोळी शोधू नका. उद्याच्या पहिल्या गाडीनं तिला दवाखान्यात न्या.