वधूवर केंद्राचा सर्व्हर

आमच्या समाजाचं वधूवर सूचक केंद्र धुळ्यात आमच्याच घराच्या पुढच्या खोलीत चालायचं. चालवायची माझी बायको. धुळे, जळगाव, शिरपूर, भुसावळ इथल्या लग्नाच्या मुलामुलींची माहिती तिने एका डेटाबेसमध्ये बसवली होती. शिक्षण, उंची, मामाचं गाव, फोटो. शेवटचा रकाना शेऱ्याचा. तो फक्त तिला दिसायचा. 'मुलगी हुशार, दबून राहणार नाही.' 'शेती सांगतात तेवढी नाही.' कुणाचा फोन आला की तो रकाना समोर ठेवूनच ती बोलायची.

ती माघात गेली. दशक्रिया, गंधमुक्ती झाली, पाहुणे परतले. मग मी तिचा कॉम्प्युटर सुरू केला, तर आतून सुपारी कातरल्यासारखा आवाज यायला लागला. दुरुस्तीवाल्याने सांगितलं, डिस्क जाते आहे. एकदा पूर्ण वाचून देईल बहुधा, दुसऱ्यांदा भरवसा नाही. नवं मशीन तयार होईपर्यंत हात लावू नका.

बॅकअप होता. पण त्यात शेऱ्याचा रकाना नव्हता. लोकांच्या घरातल्या गोष्टी घराबाहेर जायला नकोत म्हणून तिनेच तो वगळला होता. म्हणजे माणसं सुरक्षित होती, त्यांच्याविषयी तिला काय वाटलं ते तेवढं त्या कातरणाऱ्या डिस्कवर होतं.

लग्नसराई तोंडावर होती. केंद्राचे अध्यक्ष आबा म्हणाले, सर्व्हर घेऊन टाकू. काम माझ्याकडे आलं, कारण मी कॉलेजात ग्रंथपाल होतो आणि आबांच्या मते मला वाचायची सवय होती. मी वाचलं. त्या दिवसांत कादंबरी हातात धरवत नव्हती, डिस्कविषयी मात्र वाचवत होतं. डेटाबेसला फार ताकदवान प्रोसेसर लागत नाही. मेमरी भरपूर असावी, म्हणजे नेहमीची माहिती तिथेच राहते. नोंदी एसएसडीवर, म्हणजे न फिरणाऱ्या डिस्कवर ठेवाव्यात, कारण डेटाबेस कधी इथलं, कधी तिथलं पान मागतो, आणि फिरणाऱ्या डिस्कला त्यासाठी धावावं लागतं. फोटो साध्या मोठ्या डिस्कवर चालतात. वीज अचानक गेली तरी हातातलं लिहून संपवणारी एसएसडी मिळते, ती घ्यावी. धुळ्यात राहणाऱ्याला हे दोनदा वाचावं लागत नाही. आणि नोंदींसाठी अशा दोन डिस्क, दोन्हींवर तेच.

जळगावच्या दुकानात आबा सोबत आले. दुकानदाराने सर्व्हर टेबलावर ठेवला. आबांनी त्याच्याभोवती एक फेरी मारली.

"गरम व्हस का हाई?"

"होतो ना, आबा. जळगावात काय होत नाही?"

"मंग समोर कूलर ठेवू."

"पाण्याचा? मग पुढच्या वर्षी परत भेटू."

आबांनी डिस्क मागितल्या. दुकानदाराने दोन वेगळ्या कंपन्यांच्या काढल्या. आबांना ते पटलं नाही. एका घरात दोन तऱ्हा कशाला? एकाच कंपनीच्या, एकाच खोक्यातल्या दोन घ्या.

"मन्या दोन्ही सुना सख्ख्या बहिणी," ते म्हणाले. "घरमा भांडण नही."

"आबा, सून बघताय की सर्व्हर?" दुकानदार म्हणाला. "एकाच लॉटच्या दोघी एकाच वेळी कामाला लागतात, तेवढंच काम करतात. थकल्या तर दोघी सोबतच थकायच्या."

"सोबत जातीन. मंग चांगलंच शे की."

आबा असं म्हणाले आणि त्यांची नजर माझ्याकडे गेली. दुकानदाराने पंखा वाढवला.

मी म्हटलं, "आबा, एक गेली तर दुसरी मागे राहायला हवी. नव्या डिस्कवर सगळं तिच्याकडूनच उतरवून घ्यायचं असतं."

आबांनी टोपी काढून परत घातली. "दोन घरन्या ली ले," ते म्हणाले आणि दोन वेगळ्या कंपन्यांच्या डिस्क माझ्याकडे सरकवल्या.

जुनी डिस्क उतरवून घ्यायला दुरुस्तीवाला घरी आला, तेव्हा आबा सकाळपासून खुर्ची टाकून बसले होते, दवाखान्यात बसतात तसे. डिस्क मधे मधे अडायची, कातरायची, परत चालायची. दुपारचा चहा गार झाला. काही फोटो गेले, पण ते बॅकअपमध्ये होते. शेरे सगळे आले. त्यानंतर ती डिस्क पुन्हा सुरू झाली नाही.

आबा म्हणाले, "मना नातूनं काढ."

त्यांच्या नातवासाठी मुली बघणं चालू होतं. मी नोंद उघडली. शेऱ्यात होतं, 'मुलगा चांगला. आजोबा मधे बोलतात. मुलीकडच्यांना आधी सांगावं.'

आबांनी चष्मा लावून ते वाचलं. पुन्हा वाचलं.

"पुसता येस का हाई?"

"येतं."

दुरुस्तीवाला उगाच वायर गुंडाळत बसला.

"खोटं नही," आबा म्हणाले. "राहू दे. पण मुलीवाल्यासले आता कोण सांगी?"

मी म्हटलं, मी सांगेन.