अकरा पुतळ्या आणि वाणाची डबी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण शेवटाला मला तुमचे चेहरे गंभीर लागणार आहेत. चहात साखर कमी वाटली तर सुनंदाला सांगा, मला नको. घरात कुठली वस्तू कुठे आहे हे सांगायचा अधिकार माझ्याकडून काढून घेण्यात आलाय.

का? ऐका तर.

माझी आई दोन वर्षांपूर्वी गेली. जाण्याआधी तिने एकच गोष्ट मागितली. म्हणाली, "दिगू, माझ्या पुतळ्या मुक्ताच्या गळ्यात लग्नात पडू देत." पुतळी म्हणजे जुनं सोन्याचं नाणं हो, कडी लावून माळेत ओवलेलं. अशा अकरा होत्या, आईच्या आईकडून आलेल्या. बाबा गेले त्या दिवशी आईने माळ गळ्यातून काढली, ती पुन्हा घातली नाही. पुढे माळेचा गोफ कुजला, पुतळ्या सुट्या झाल्या आणि बँकेच्या लॉकरमध्ये एका रुमालात पडून राहिल्या.

मुक्ता आमची, माझी नि सुनंदाची, एकुलती एक लेक. गुरुग्रामला नोकरी करते. तिचं लग्न ठरलं फेब्रुवारीतलं. आणि जानेवारी उजाडताच बँकेची चिठ्ठी आली, शाखा दुसरीकडे हलवतोय, लॉकर रिकामा करा!

झालं. अकरा पुतळ्या आमच्या नोएडाच्या फ्लॅटमध्ये मुक्कामाला आल्या.

सुनंदा म्हणाली, "कपाटात ठेवूया."

मला हसू आलं. ज्या माणसाने तेहतीस वर्षं मिनिस्ट्रीत गोपनीय फायली सांभाळल्या, त्याला तुम्ही कपाट सुचवता? मी तिला समोर बसवून समजावलं, की चोर आधी कपाट बघतो, मग गादी, मग तांदळाचा डबा, मग देवघर. या विषयावरचे व्हिडिओ मी आठवडाभर बघत होतो. "आणि जागा फक्त एकाच माणसाला माहीत असावी. तू तर भाजीत मीठ किती घातलं तेसुद्धा बहिणीला फोनवर सांगतेस!"

"अच्छा," ती म्हणाली आणि उठून गेली. दिल्लीत इतकी वर्षं काढलेली बाई जेव्हा नुसतं 'अच्छा' म्हणते, तेव्हा नवऱ्याने सावध व्हावं. मी झालो नाही.

पहिल्यांदा पुतळ्या बाल्कनीतल्या कूलरमध्ये ठेवल्या. थंडीत कूलरला कोण हात लावतं? तिसऱ्या दिवशी सुनंदा त्याच कूलरचा कबाडीवाल्याशी भाव करताना दिसली. "नव्वद किलो का लोहा है भैया," ती सांगत होती, आणि मी कूलरला मिठी मारून उभा. मग रजयांच्या पेटीत ठेवल्या. त्याच रात्री थंडी अशी काही वाढली, की सकाळी पेटी रिकामी आणि रजया आमच्या दोघांच्या अंगावर. रुमाल माझ्या पायाशी सापडला म्हणून वाचलो.

शेवटी मला दिवाणाखाली एक खोकं दिसलं. आत स्टीलच्या छोट्या डब्या, सगळ्या एकसारख्या, प्रत्येक आपापल्या प्लास्टिकच्या पिशवीत. दिवाळीपासून ते खोकं तिथेच होतं. कशासाठी होतं? मी विचारलं नाही. बायकांच्या सामानाची चौकशी मी जन्मात कधी केली नव्हती. अगदी तळाची एक डबी काढली, पुतळ्या कापसात गुंडाळून आत बसवल्या, पिशवीला चिकटपट्टी लावली आणि डबी जागच्या जागी ठेवली. कोणता चोर इतक्या डब्या उघडत बसणार? त्या रात्री मी फार शांत झोपलो.

पुढचा रविवार आला. सुनंदाने फर्मान काढलं, "आज चार तास बाहेर. माझं हळदीकुंकू आहे."

दर संक्रांतीला हे असतंच. पुरुषांनी घरात थांबायचं नाही. मी पेपर आणि शेंगदाणे घेऊन पार्कात उन्हाला बसलो, भाजलेली शकरकंदी, म्हणजे आपली रताळी, खाल्ली, दोन ओळखीच्या म्हाताऱ्यांना घरात सोनं कसं लपवावं यावर मोफत सल्लाही दिला. अंधार पडताना परतलो. लिफ्टमधून शेजारच्या चड्ढा भाभी बाहेर येत होत्या.

"भाईसाहब, कितनी प्यारी डब्बी दी है भाभीजी ने!"

"हां जी, बहुत प्यारी है," मी म्हणालो, आणि लिफ्टचं दार बंद झालं.

आमचा मजला आठवा. चौथ्या मजल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पुढचे चार मजले मी देवाचं नाव घेत चढलो.

दिवाणाखाली खोकं नव्हतं. ते स्वयंपाकघरात होतं, आणि त्यात चार-पाच डब्या उरल्या होत्या. मी त्या तिथेच बसून उघडल्या. सगळ्या रिकाम्या! बाकीच्या वाण म्हणून वाटल्या गेल्या होत्या. किती, ते मला कळायला मार्ग नव्हता. गोपनीय फायलींचा पानापानाचा हिशेब ठेवणाऱ्या अधिकाऱ्याने खोक्यातल्या डब्या मोजल्याच नव्हत्या.

"काय हो, काय शोधताय?" सुनंदाने विचारलं.

आता खरं सांगायचं की नाही? तुम्ही सांगितलं असतं. मी म्हणालो, "या डब्यांचं स्टील खराब आहे. पेपरात आलंय. यात खायचं ठेवलं की त्याचं विष पोटात जातं. सगळ्या परत मागव."

ती घाबरली आणि तिने बायकांच्या ग्रुपवर मेसेज टाकला. दहा मिनिटांत सोसायटीत हाहाकार! कुणाला मळमळायला लागलं, कुणाच्या सासूबाईंना चक्कर आली. चड्ढा भाभींचा फोन, "भाईसाहब, मैंने तो दो काजू उसी में रखके खा लिए! अस्पताल जाऊं?" मी म्हणालो, "नहीं नहीं, दो से कुछ नहीं होता." जसा काही मी काजूंचा डॉक्टर!

दुसऱ्या दिवसापासून डब्या परत यायला लागल्या. आणि आपल्या बायकांची रीत तुम्हाला ठाऊक आहे, भांडं रिकामं परत द्यायचं नाही. एकीत साखर, एकीत तिळाच्या वड्या, एकीत बडीशेप, एका बंगाली वहिनींच्या डबीत चक्क मासळीचं लोणचं. मी दाराशी टेबल मांडून बसलो होतो. प्रत्येक डबी उघडायची, बोट घालून तळापर्यंत ढवळायची. लोक समजत होते मी स्टील तपासतोय.

मध्येच लिमये काकूंचा फोन आला. या काकू आमच्याच सोसायटीत, पण पलीकडच्या टॉवरमध्ये, मुलाकडे राहतात. आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये असल्यापासून आईच्या मैत्रीण. वय चौऱ्याऐंशी, गुडघे गेलेले. काकाही गेले, त्याला बरीच वर्षं झाली.

"दिगू, अरे त्या डबीचं..."

"काकू, तुम्ही नका काळजी करू. ते फक्त हळदीकुंकवाला आलेल्या बायकांचं आहे. मग बोलतो हं."

दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. मी कापला. संध्याकाळी पुन्हा. पुन्हा कापला. म्हाताऱ्या माणसांना वेळेचं भान नसतं, असंही पुटपुटलो.

तिसऱ्या दिवशी, सुनंदाने हळदीकुंकवाला आलेल्या बायकांची यादी करून दिली होती तिच्यातली शेवटची डबी आली. आत खडीसाखर! पुतळ्या नाहीत.

खरं सांगतो, त्या तीन दिवसांत मी माणूस म्हणून फार खाली गेलो. चड्ढा भाभी नवी कर्णफुलं घालून लिफ्टमध्ये आल्या, तर मी त्यांच्या कानांकडे बघत राहिलो. बंगाली वहिनी नेहमीपेक्षा जास्त गोड बोलल्या, तर वाटलं, का बरं? बिचाऱ्यांनी मला डबी भरून लोणचं दिलं होतं.

आईने आयुष्यात माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती, आणि ती मी घालवली होती. मी सुनंदासमोर जाऊन बसलो आणि सगळं सांगितलं. कूलरपासून.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त विचारलं, "सगळ्या डब्या बघितल्या?"

"सगळ्या."

"काकूंची?"

"कोण काकू? लिमये काकू? त्या कुठे आल्या होत्या हळदीकुंकवाला?"

"त्या येत नाहीत. मी सकाळीच त्यांच्या घरी नेऊन दिली, सगळ्यांच्या आधी. खोकं उलटं केलं तर वरची डबी हाताला जरा जड लागली. म्हटलं, जाड पत्र्याची दिसते, काकूंना हीच देऊ."

"पण त्यांना वाण..." मी म्हणालो आणि थांबलो.

"आई होत्या तोवर पहिलं वाण आईंना द्यायचे मी. दरवर्षी. आतल्या खोलीत जाऊन."

मला हे माहीत नव्हतं. हळदीकुंकवाच्या दिवशी आई आतल्या खोलीत असायची एवढं माहीत होतं. मला वाटायचं, ती झोपते.

आम्ही तसेच काकूंकडे गेलो. मोजे, शाल, कानटोपी घालून काकू पलंगावर बसल्या होत्या. समोर देवाच्या फळीवर डबी. त्यांनी ती उघडून माझ्या हातात दिली. कापसात अकराच्या अकरा पुतळ्या, आणि वर एक तिळाचा लाडू.

"बघताच ओळखल्या," काकू म्हणाल्या. "ही वाकडी आहे ना, ती तू चावून वाकवलीस. दात येत होते तुला, आई कडेवर घेऊन उभी होती. तीन फोन केले रे. तुम्ही सगळे डब्या गोळा करताय कळलं होतं. पण तू म्हणालास, हे आलेल्या बायकांचं आहे. मग मी कोणाच्या हाती पाठवणार? सोनं होतं."

मी वाकून नमस्कार केला. काकूंनी पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "लाडू खा आधी." मी तो तिथेच उभ्याने खाल्ला, आणि डोळे पुसायला आपली कानटोपी पुढे ओढली.

मुक्ताच्या लग्नात माळ पुन्हा ओवून आली. ती कोणी घालायची, हे मुक्तानेच ठरवलं. म्हणाली, "आजीची मैत्रीण घालेल." मंडपात दोन-चार जणी एकमेकींकडे बघायला लागल्या. काकू मागे सरकल्या. सुनंदाने त्यांना हाताला धरून पुढे आणलं. काकूंना फासा लावायला वेळ लागला, पण माळ त्यांनीच घातली.

त्या रात्री घरी आल्यावर मी सुनंदाला म्हणालो, "आता नवा लॉकर घेतला की किल्ली तूच ठेव. जागा मला सांगूसुद्धा नकोस."

"नाहीच सांगणार," ती म्हणाली. "आणि तुमच्यापासून लपवायची खात्रीची जागा मला माहीत आहे."

"कुठली?"

"आईंची आतली खोली. हळदीकुंकवाच्या दिवशी तिथे तुम्ही एकदाही डोकावला नाहीत."