अण्णांच्या स्टुडिओतली काळी डबी

राहात्याच्या अण्णा जोशींना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एका कॉम्प्युटरची माफी मागत होते. टेबलाखाली वाकून वायर काढताना त्यांचा पाय कॉम्प्युटरच्या डब्याला लागला होता. त्यांनी त्या डब्याला हात लावला, तो कपाळाशी नेला आणि म्हणाले, "माफ करा हं, लक्ष नव्हतं." मी दारात अवजारांची पिशवी घेऊन उभा. कोपरगावात माझं दुरुस्तीचं दुकान नुकतंच सुरू झालं होतं. कॉम्प्युटरला शिव्या घालणारी, त्याच्या डोक्यावर चापट्या मारणारी माणसं मी रोज बघत होतो, पण त्याला अहोजाहो करणारा माणूस पहिल्यांदाच भेटत होता. हे गिऱ्हाईक आहे की काय आहे, मला कळेना.

अण्णांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. किडकिडीत, उंच, पांढरा लेंगा आणि वर फोटो धुवायच्या फिक्सरच्या डागांनी पिवळा पडलेला शर्ट. आजोबांची भिक्षुकी होती, वडिलांनी ती कशीबशी ओढली, आणि अण्णांनी बाजारपेठेत फोटो स्टुडिओ टाकला. पूजा सांगायचं सोडलं, तरी घरचं वळण हाडात मुरलेलं. डार्करूममधलं फोटो मोठे करायचं जुनं यंत्र म्हणजे 'आजोबा', लग्नातला जड कॅमेरा म्हणजे 'थोरले'. 'आजोबा आज दमलेत, उद्या या,' असं गिऱ्हाइकाला तोंड वर करून सांगायचे, आणि गिऱ्हाईक बिचारं आतल्या खोलीत कुणी म्हातारं आजारी आहे असं समजून हळू बोलायला लागायचं.

यंत्रांशी इतका मऊ असलेला हा माणूस माणसांशी मात्र धडाधड खरं बोलायचा. मी बसलेलो असताना एक गृहस्थ लेकीचा स्थळासाठी काढलेला फोटो परत घेऊन आले. मुलगी रुसल्यासारखी दिसते, दुसरा काढा, म्हणाले. अण्णांनी फोटो निरखला. "रुसलेली दिसते कारण ती रुसलेली आहे. आधी तिला विचारा, मग मला सांगा." गृहस्थ लालबुंद झाले. मी खुर्चीतल्या खुर्चीत आक्रसलो.

स्वतःच्या चुकांच्या बाबतीत तर ते भलतेच निर्दय. एका लग्नात माळा पडल्या, मंगलाष्टकं संपली आणि अण्णांच्या लक्षात आलं की रोल कॅमेऱ्यात अडकलाच नव्हता. दुसरा कुणी असता तर गुपचूप रोल चढवून पुढचे फोटो काढले असते. अण्णा स्टेजवर गेले, भटजींच्या हातातला माइक घेतला आणि सगळ्या वऱ्हाडाला सांगितलं, "मंडळी, आतापर्यंत एकही फोटो निघालेला नाही. चूक माझी आहे." मग भटजींचा विरोध बाजूला सारून यांनी नवरानवरीला पुन्हा समोरासमोर उभं केलं, मंगलाष्टकं स्वतः म्हटली आणि म्हणता म्हणता फोटो काढले. मी त्यांना विचारलं, एवढा तमाशा कशाला? तर म्हणाले, "चूक गरम आहे तोवर वाढावी, साळवे. गार झाली की वास मारते."

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा त्यांच्या पुतण्यानं मस्कतहून एक जुना डिजिटल कॅमेरा आणला. हे झाले 'धाकटे'. धाकट्यांचा मागचा चिमुकला पडदा प्रवासातच काळा पडलेला, कॉम्प्युटरला जोडायची वायर आलेलीच नव्हती. त्यामुळे फोटो बघायचा एकच रस्ता होता. कॅमेऱ्यातलं पातळ मेमरी कार्ड काढायचं, प्रिंटरच्याच पोर्टवर जोडलेल्या एका काळ्या कार्ड रीडरच्या खाचेत सरकवायचं आणि पडद्यावर उघडायचं. त्या कार्ड रीडरला अण्णा 'डबी' म्हणायचे.

पुतण्यानंच काकांच्या डोक्यात भरवलं की पंचाण्णवची विंडोज जुनी झाली, आता अठ्ठ्याण्णवची पाहिजे. अण्णांना ती दसऱ्याच्या मुहूर्तावर हवी होती. दसरा म्हणजे आमच्या घरी धम्मचक्र प्रवर्तन दिन. त्या दिवशी मी कामाला हात लावत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. "मग तुम्ही आदल्या दिवशी टाका, मी दसऱ्याला पूजा करतो. दोघांचाही सण साजरा होईल," म्हणाले. मी आदल्या दिवशी नवी विंडोज टाकली. धाकटे पुतण्याबरोबर कुठल्याशा समारंभाला गेले होते, त्यामुळे कार्ड घालून बघता आलं नाही. प्रिंटरवर एक कागद छापून बघितला आणि मी निघालो.

दसऱ्याला पूजा झाल्यावर येणाऱ्या पहिल्या गिऱ्हाइकाचा फोटो अण्णा हौसेनं काढून द्यायचे. त्या वर्षी पहिलं गिऱ्हाईक म्हणजे पेरूचा टेम्पो चालवणारा सुखदेव, त्याची बायको मंदा आणि त्यांचं काही महिन्यांचं बाळ. मंदाचा भाऊ फौजेत होता. त्यानं भाचा पाहिलेला नव्हता, म्हणून त्याला फोटो पाठवायचा होता. अण्णांनी मोठ्या कौतुकानं धाकट्यांना पुढे केलं. फोटो काढला, कार्ड डबीत घातलं, तर पडद्यावर डबीचं नावनिशाण नाही. "दोन दिवसांत देतो," म्हणून त्यांनी मंदाला परत पाठवलं आणि मला फोन केला.

मी गेलो. नव्या विंडोजनं प्रिंटर नव्यानं बसवताना पोर्ट प्रिंटरच्या ताब्यात दिला होता आणि डबीला बाहेर ठेवलं होतं. जुन्या फ्लॉपीवरून डबीचा ड्रायव्हर परत चढवला, पोर्टची सेटिंग बदलली, तेव्हा कुठे पडद्यावर डबीचं चित्र उमटलं. त्यावर क्लिक केलं की मात्र उत्तर यायचं, कार्ड दिसत नाही. माझ्या दुसऱ्या खेपेला कॉम्प्युटरनं वेगळाच प्रश्न विचारला. हे कार्ड फॉरमॅट केलेलं नाही, आता करायचं का? अण्णा म्हणाले, "एवढं विचारतायत तर हो म्हणू या," आणि त्यांचा हात माऊसकडे गेलासुद्धा. मी त्यांचं मनगट धरलं. हो म्हटलं असतं तर कार्ड कोरं झालं असतं, हे सांगितल्यावर ते मटकन स्टुलावर बसले. "इतक्या सभ्यपणे विचारून?" एवढंच म्हणाले.

त्यानंतरच्या खेपेला मी स्टुडिओत शिरलो तर अण्णा दुकानाच्या पायरीवर सुखदेवशेजारी बसलेले. सुखदेवचं डोकं भादरलेलं होतं. बाळाला ताप आला, तालुक्याच्या दवाखान्यातून नगरला न्यायचं ठरलं आणि वाटेतच गेलं. फोटो काढलेलं एवढंसं बाळ, फोटो दिसायच्या आत गेलं, हे माझ्या डोक्यात शिरतच नव्हतं.

सुखदेव म्हणाला, "फोटू गावला का अण्णा? एकच हाय त्याचा." अण्णांनी नकारार्थी मान हलवली. मग तो जमिनीकडे बघत बोलायला लागला. "मंदीला लई बोलत्यात घरी. जावळ काढायच्या आधी पोराचा फोटू काढायचा न्हाई, आमच्या आईनं आधीच सांगितलं हुतं. मंदीनं हट्ट धरला. आता आई म्हनती, फोटूनंच पोराला नेलं. आन् तुमच्या मिशिनीत फोटू उघडंना, त्यामुळं समद्या वस्तीला तेच खरं वाटाय लागलंय. म्हनत्यात, बघा, फोटूत बी ऱ्हायलं न्हाई लेकरू. आई तिच्याशी बोलत न्हाई. मंदी बी जेवत न्हाई नीट. तिला आता सोताला बी खरंच वाटतंय ते."

मी हादरलो. इतके दिवस मी पोर्ट, ड्रायव्हर आणि सेटिंग यांच्याशी झटापट करत होतो. तिकडे एका बाईवर तिच्याच बाळाला मारल्याचा आळ चढत होता, आणि पुरावा म्हणून माझ्यापुढचा हा बंद पडदा दाखवला जात होता. असला राग मला क्वचितच आला असेल. तो कुणावर काढावा हे मात्र कळत नव्हतं.

सुखदेव गेल्यावर मी शेवटचा उपाय म्हणून डबीच खोलायला घेतली. आतला एखादा सोल्डरिंगचा टाका सुटला असेल, असा अंदाज. झाकण निघालं आणि मी बघतच राहिलो. खाचेच्या आत कार्डाला टेकणारे जे बारीक पितळी दात असतात, त्यांच्यावर लाल खपली धरली होती. एका कोपऱ्यात तांदळाचा तुकडा अडकलेला. गंज लाल असतो, पण इतका लाल नसतो.

"अण्णा, हे काय आहे?"

अण्णांनी चष्मा कपाळावर चढवून पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मी डोळ्यांनी पाहिला. "कुंकू," ते म्हणाले. दसऱ्याला त्यांनी आजोबांपासून धाकट्यांपर्यंत सगळ्यांना ओलं कुंकू लावून अक्षता वाहिल्या होत्या. डबी पडली एवढीशी, तिला कपाळ म्हणून जागा ती काय, ती खाच. तिथेच बोट टेकवलं. दुसऱ्या दिवशी सगळी यंत्रं पुसून लख्ख केली, त्यामुळे बाहेर काही दिसत नव्हतं. आत मात्र कुंकू वाळून बसलं होतं.

लेन्स पुसायच्या स्पिरिटमध्ये कापूस बुडवून मी एकेक दात साफ केला, कार्डही पुसलं. ते खाचेत सरकवलं आणि क्लिक केलं. फोटो उघडला. मंदाच्या मांडीवर बाळ, गालाला काजळाची तीट, जांभई देताना तोंडाचा चंबू झालेला आणि मुठीत आईचं मंगळसूत्र. मला रडू आवरेना, म्हणून मी उगाच प्रिंटरचा कागद सारखा करत बसलो.

अण्णांचं मात्र काहीतरी बिनसलं होतं. एरवी चूक सापडल्याबरोबर माइक शोधणारा हा माणूस, पण छापलेला फोटो हातात धरून ते नुसते बसून राहिले. माझ्याकडे बघेनात. ज्या बोटानं त्यांनी आयुष्यभर यंत्रांची पूजा केली, ते बोट आपल्याच पंज्यापासून वेगळं धरून ठेवल्यासारखं दिसत होतं. मला त्यांची दया आली. म्हटलं, "अण्णा, फोटो मिळाला, झालं. कॉम्प्युटरचा बिघाड होता म्हणून सांगू. तसाही थोडा होताच. कुणाला काय कळतंय?"

"त्यांना बोलता येत नाही म्हणून त्यांच्या नावावर खपवायचं?" कॉम्प्युटरकडे हात करून ते म्हणाले. "आणि बिघाड म्हटलं तर वस्ती काय म्हणेल? मशीनसुद्धा अशुभापुढे बिघडलं, असंच ना? म्हणजे त्या पोरीच्या डोक्यावरचं ओझं तसंच. नाही साळवे, मला जायला पाहिजे. भीती वाटते, पण जायला पाहिजे." अण्णांना भीती वाटते हे ऐकून मला सगळ्यात मोठा धक्का बसला.

माझ्या मोपेडवर मागे बसून ते वस्तीवर आले. पेरूच्या बागेला लागून पत्र्याची दोन घरं. सुखदेव बाहेरच होता. शेजारची चार माणसं काय झालं म्हणून गोळा झाली. मंदा ओट्याच्या कडेला, कुणाची नजर पडू नये अशी अंग चोरून बसली होती. सासू आतल्या अंधारात होती, ती बाहेर आली नाही. अण्णांनी चपला काढल्या आणि मंदासमोर खाली बसून फोटो आधी तिच्या हातात दिला. सुखदेवच्या नाही, मंदाच्या.

"पोरी, फोटो पहिल्यापासून कार्डात होता," ते म्हणाले. "कुठं गेला नव्हता. मी पूजा केली आणि माझ्या हातानं त्या डबीत कुंकू गेलं. त्या कुंकवानं तिचं तोंड बंद केलं होतं. फोटो काढला म्हणून काही झालेलं नाही, आणि फोटो उघडत नव्हता तो तुझ्यामुळे नाही. माझ्यामुळे. बाळाला तापानं नेलं."

जमलेल्यांपैकी एकजण हसल्यासारखा झाला, कुंकवानं मशीन बंद पडतं का म्हणून. अण्णांनी खिशातून लाल झालेला कापसाचा बोळा काढून त्याच्या हातावर ठेवला.

मंदा फोटोकडे बघत नव्हती. ती अण्णांकडे बघत होती, आणि ती नजर मला आजही सोडत नाही. मला वाटलं आता ही शिव्या देणार, तो फोटो फेकून देणार. द्यायचा हक्क होता तिला. ती हळू आवाजात म्हणाली, "अण्णा, परत सांगा. जरा मोठ्यानं. आत ऐकू जाऊ द्या."

अण्णा उठले. उंबऱ्याजवळ जाऊन, आतल्या अंधाराकडे तोंड करून, त्यांनी ते सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. पहिल्यांदा सांगताना जितकं जड गेलं असेल, त्याहून दुसऱ्यांदा जड गेलं असणार. मग म्हातारी भिंतीला धरत बाहेर आली. तिनं अण्णांकडे पाहिलंही नाही. सुनेच्या हातातला फोटो घेतला, डोळ्यांच्या अगदी जवळ नेला आणि नातवाचा चेहरा कितीतरी वेळ बघत राहिली. फोटो पदराआड धरून ती मंदाकडे वळली आणि म्हणाली, "सकाळधरनं पोटात काय न्हाई तुझ्या. ऊठ. भाकर खाऊन घे."