आमच्या रानातली पांढरी

"तुमची सगळी खापरं वरच्या वीतभर मातीतच कशी?" असा एका ओळीचा प्रश्न कुणीतरी माझ्या लेखाखाली टाकला आणि माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. संशोधक मंडळी आपले लेख छापून येण्याआधी एका संकेतस्थळावर ठेवतात, तिथे मी तो ठेवला होता. विचारणाऱ्याचं खरं नाव नाही, फोटो नाही, कुठल्या देशातला तेही कळेना. पुरातत्त्व शिकवता शिकवता माझे केस पिकायला आले, आणि हा कोण मला मातीचे थर शिकवणार? मी त्याला खापरांच्या वयाबद्दल लांबलचक, संदर्भांनी ठासून भरलेलं उत्तर दिलं. त्यात त्याच्या प्रश्नाचं उत्तर तेवढं नव्हतं. त्यानं पुन्हा तेच विचारलं, मी पुन्हा तेच लिहिलं, आणि आमचं भांडण लांबतच गेलं.

लेख आमच्याच शेताबद्दल होता. केदारखेड्याच्या अलीकडे आमची काळीभोर जमीन आहे, ती माझा थोरला भाऊ कसतो. नांगरताना त्याला काळी-तांबडी खापरं आणि शंखाच्या बांगडीचे तुकडे सापडले. ते रुमालात बांधून तो जालन्याला माझ्या घरी घेऊन आला. जवळच्याच भोकरदनच्या पोटात सातवाहनांच्या काळातलं गाव आहे हे जगाला ठाऊक आहे. तसंच एक आमच्या रानातही निघालं, या विचारानं मी हरखून गेले. शेत पालथं घातलं, खापरं तपासली, लेख लिहिला. त्यावरून कुणीतरी व्हिडिओ बनवला आणि मोटारसायकलींवर लोक शेत बघायला येऊ लागले.

दादाला तर आभाळ ठेंगणं झालं. मी शिकावं म्हणून दहावीनंतर शेतात उतरलेला माणूस तो. आता परगावची माणसं त्यालाच 'सर, सर' करत होती. शेतातल्या आखाड्यावर, म्हणजे गुरं-अवजारं ठेवायच्या खोपटात, त्यानं एक फळी ठोकून तिच्यावर खापरं मांडली. येणाऱ्या प्रत्येकाला चहा पाजून तो सांगायचा, "आमच्या बहिणीनं हुडकलं हे." ते ऐकताना मला फार बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

मग शेताच्या कडेला शेततळं खोदायला काढलं. मी मोठ्या हौसेनं खड्ड्यात उतरले. आता खालचं गाव दिसणार होतं, आणि त्या निनावी माणसाच्या तोंडावर मी त्या गावाचे फोटो मारणार होते. कडेला वर वीतभर राखाडी पट्टा होता, त्यात खापरं होती. त्याखाली निव्वळ काळी माती. माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहिली की जमिनीत चुली राहतात, राख राहते, हाडं राहतात. इथे खापराचा कणसुद्धा नव्हता. मी काठावरच्या दादाला हाक मारली.

"दादा, या रानात पांढरी टाकली होती का रे?"

"टाकली की. नदीकडच्या टेकाडाची. हे रान चिबड व्हतं ना, पाणी धरून बसायचं! बाबा बैलगाडीनं आणायचे, मंग मी ट्रॅक्टरनं आणली. समदेच आणून राह्यलेत."

पांढरी म्हणजे ओस पडलेल्या जुन्या गावाची राखट माती. खतासारखी कसदार म्हणून आमच्याकडे ती टेकाडं खणून रानात पसरतात. हे मला लहानपणापासून माहीत आहे. विद्यार्थ्यांना तर मी दरवर्षी बजावते, शेतातली खापरं गाडीत बसून आलेली असू शकतात, आधी शेतकऱ्याला विचारा. दुसऱ्या कुणाचं शेत असतं तर मी विचारलंच असतं. हे आमचं होतं.

तसेच आम्ही टेकाडावर गेलो. टेकाड कसलं, चारी बाजूंनी तासून तासून एका घराएवढं उरलेलं ढेकूळ, वर एक बाभळ. पण कापलेल्या बाजूला सगळं होतं. शेणानं सारवलेली जमीन, तिच्यावर चूल, चुलीवर राख, राखेवर पुन्हा नवी जमीन. मी हात लावला आणि मला रडूच फुटलं. मी कितीतरी महिने एका अनोळखी माणसाशी खापरांच्या वयावरून भांडत बसले होते, आणि इथून ट्रॉल्या भरून जात होत्या.

दादा गांगरला. "म्हंजी आपल्या रानात गाव नव्हतंच?"

"नव्हतं. गाव हे होतं."

"अन् तू आता तसं लिहिणार?"

"लिहावंच लागेल. हे उरलेलं वाचवायचं तर सगळं खरं सांगावं लागेल."

दादा बाभळीकडे वळला. आखाड्यावरच्या त्या फळीचं आता काय करायचं, हे त्याच्या डोक्यात चालू होतं, मला ते चेहऱ्यावर दिसत होतं. मला त्याची कीव आली आणि रागही आला. राग नेमका कुणाचा, ते अजून सांगता येत नाही.

"मी न्हाई नेणार आता इथली माती," तो म्हणाला. "बाकीच्यांना बी सांगून बघतो. पर बाई, आपल्या रानातली खरवडून परत इथं आणून टाकू का? ट्रॅक्टर हाय घरचा. जल्दी होईल काम."

तो थट्टा करत नव्हता. मी हो म्हणाले असते तर त्यानं दुसऱ्या दिवशी सकाळीच भरायला घेतली असती. कोणती चूल आधीची, कोणती नंतरची, कोण येऊन राहिलं, कोण उठून गेलं, हे एकावर एक बसलेल्या थरांवरूनच कळतं. ते थर आमच्या कपाशीत नांगरले गेले होते.

"न्हाई रे दादा," मी म्हणाले, "ती आता नुसती माती आहे."