मोरी नंबर अकराचं पाणी

"परकार सर, तीन नावं पाहिजेत. शुक्रवारपर्यंत."

सौरभ सरांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. हे आमचे ऑपरेशन्स मॅनेजर. वय बत्तीस-तेहतीस, मूळचे पुण्याचे, बोलायला गोड. स्क्रीनवर आमच्या लाइनचा नकाशा होता आणि नकाशावर एक लाल ठिपका.

"पहिलं नाव तर डेटाच देतोय. हा बघा, घरत. मोरी नंबर अकरापाशी बसून असतो. कधी कधी चाळीस-चाळीस मिनिटं. आयडल टाइम."

मी रेल्वेत पर्मनंट वे इन्स्पेक्टर होतो. म्हणजे रूळ, स्लीपर, खडी आणि त्याखालची माती यांची काळजी वाहणारा माणूस. आमच्या श्रीवर्धनच्या मोहल्ल्यातले निम्मे लोक मस्कतला नाहीतर कुवेतला. मी एकटा खडीत गेलो, म्हणून अब्बा शेवटपर्यंत नाराज होते. रिटायर झाल्यावर घरी बसवेना, म्हणून उरणजवळच्या एका खाजगी कंटेनर टर्मिनलच्या साइडिंगवर सुपरवायझर लागलो. साइडिंग म्हणजे मेन लाइनपासून टर्मिनलपर्यंत कंपनीने स्वतःसाठी टाकलेली लाइन. नोकरी कॉन्ट्रॅक्टवर, दर अकरा महिन्यांनी नवा कागद. मी काय आणि कीमन काय, सगळे त्याच कागदावर.

कीमन कोण ते सांगतो. रूळ स्लीपरला घट्ट धरून ठेवणारी लोखंडी क्लिप असते, तिला आम्ही जुनी माणसं अजून चावीच म्हणतो. कीमन रोज आपल्या वाट्याची लाइन पायी चालतो. सैल चावी ठोकतो, तडा शोधतो, काही वाकडं दिसलं तर कळवतो. आमच्याकडे असे सहा होते. कंपनीला तीन करायचे होते. बदल्यात आठवड्यातून एकदा मोजणी करणारी मशीनची ट्रॉली फिरणार होती, तिच्या चाचणीच्या फेऱ्या सुरूही झाल्या होत्या. मेन ऑफिसात कोणीतरी हे ठरवून टाकलं होतं. सौरभ सरांच्या हातात फक्त तारीख होती आणि माझ्या हातात पेन.

दोन नावं मी त्याच दिवशी लिहिली. एकाचे गुडघे गेले होते, दुसरा सारखा रजेवर. कारणं खरी होती, पण त्या दोघांची घरं मी पाहिली होती.

तिसरा धर्मा घरत. वय बावन्न. कंपनीने प्रत्येक कीमनच्या कमरेला जीपीएसचा डबा बांधला होता, बिघाडाचा फोटो ऑफिसला पाठवायची सोयही त्यातच. त्यात हा पकडला गेला. मला रागच आला. इथे आम्ही एकेक माणूस वाचवायला धडपडतोय, आणि हा दिवसाढवळ्या बसून राहतो. सोमवारी लाइनवर जाऊन त्याला गाठलं.

"धर्मा, अकरा नंबरला बसून काय करतोस?"

"पानी बघतो, सायेब."

"पाणी बघायचा पगार देते का कंपनी? तिकडे तुझं नाव यादीत चाललंय, आहेस कुठे?"

त्याने मग खांद्यावरचा हातोडा या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला आणि म्हणाला, "देत न्हाय. पन बघाया लागतं."

मला वाटलं, उलट बोलतोय. मी आणखी चार शब्द सुनावले आणि निघून आलो. माझा स्वभावच तसा, आधी तोंड सुटतं.

त्याच्याकडे ही बीट, म्हणजे रोज चालायची लाइन, सोडून दुसरं काही नव्हतं, हे मला माहीत होतं. बापाचं मिठागर होतं, ते गेलं. खाडीकाठचं भाताचं खाचर होतं, तेही गेलं. या वयात त्याला कोण कामावर घेणार? म्हणून यादीवर सही करण्यापूर्वी मी ऑफिसातून त्याचा रोजचा रेकॉर्ड मागवला. सौरभ सरांच्या रिपोर्टात महिन्याचा एव्हरेज होता. मला तारीखवार पाहिजे होता.

मंगळवारी दुपारी प्रिंटआउट घेऊन बसलो. बघतो तर हा गृहस्थ रोज बसतच नव्हता. दर पंधरवड्याला तीन-चार दिवस बसायचा, मग दहा-अकरा दिवस नावाला नाही. आणि बसायची वेळ रोज पुढे सरकलेली. एके दिवशी दीड वाजता, दुसऱ्या दिवशी सव्वादोन, तिसऱ्या दिवशी तीन.

रोज पाऊण तास पुढे. हे आकडे बघून मी स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. श्रीवर्धनचं कुठलंही पोर सांगेल, रोज पाऊण तास पुढे काय सरकतं ते. भरती. समुद्राकाठी जन्मलो, आणि चाळीस वर्षं खडी तुडवून तेवढंच विसरलो होतो. कॅलेंडर बघितलं. बसण्याचे सगळे दिवस अमावास्या नाहीतर पौर्णिमेला चिकटलेले, म्हणजे उधाणाचे. एव्हरेज काढला की उधाण काय आणि भांग काय, सगळं सारखंच दिसतं. भांग म्हणजे मधले मऊ दिवस, पाणी फारसं चढत नाही ते.

गुरुवारी मी त्याच्यासोबत चालत गेलो. आमची लाइन तिथे जुन्या मिठागरांवरून जाते. दोन्हीकडे खारफुटी, मधे मातीचा भराव, भरावावर रूळ. मोरी म्हणजे भरावाखालून पाणी जायला ठेवलेली वाट. अकरा नंबरच्या मोरीला खाडी अगदी लागून आहे.

"आज द्वितीया," धर्मा म्हणाला. "तिथीची पाऊनपट केली का भरतीची वेल. दीड वाजता फुल झाली. आता उतराया लागली."

"आज संध्याकाळी आमचा चांद दिसणार," मी म्हणालो. "आमचे दादाही, अब्बांचे अब्बा, असंच मोजायचे, चांदावरून."

"मंग तुमाला ठाव हाय की."

ठाऊक होतं, पण उपयोग कधी केला नव्हता. त्याने मला मोरीच्या भिंतीवर बसवलं आणि स्वतः खाली उतरला. जेवणाच्या डब्याचं स्टीलचं झाकण काढलं. मोरीच्या बाजूला, भरावाच्या पायथ्याशी, बोटाएवढ्या भोकातून पाणी येत होतं. झाकण त्याखाली धरलं, भरलं, दगडावर ठेवलं आणि बाजूला बसला.

"आता?"

"आता थांबायचं. खाली बसू द्या."

आम्ही थांबलो. तेवढ्यात त्याने मला समजावलं. त्याचा बाप खाचराचा बांध राखायचा. उधाणाला खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून गावाने घातलेला मातीचा बांध. भरतीला पाणी चिंबोऱ्यांच्या, म्हणजे खेकड्यांच्या, बिळांतून बांधाच्या पोटात शिरतं. ओहोटीला ते बाहेर पडतं. नितळ बाहेर आलं तर बांध ठीक. गढूळ आलं तर आतली माती घेऊन चाललंय.

"लोक भरतीला घाबरतात, सायेब. बांद फुटून खांड परते ती ओहोटीला. बाप ओहोटी संपेपरेंत बांदावरून उठायचा न्हाय."

मी इंजिनिअरिंगच्या डिप्लोम्यात हेच एक पूर्ण चॅप्टर शिकलो होतो. इंग्रजी नाव, आकृत्या, सूत्रं. परीक्षेला आलं होतं, मार्कही मिळाले होते. आणि एवढ्या वर्षांत एकदाही डब्याचं झाकण घेऊन मोरीपाशी बसलो नव्हतो. त्या माणसाचं मला मनापासून कौतुक वाटलं, आणि सोमवारच्या माझ्या बोलण्याची लाज.

त्याने झाकणातलं पाणी हळूच ओतून दिलं. तळाशी काळपट चिखलाचा थर होता. धर्माने त्यातून बोट फिरवलं, तर रेघ उमटून तशीच राहिली.

"आधीच्या उधानाला रेग न्हवती राहत," तो म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता.

"कुणाला सांगितलं होतंस?"

"डब्यावरून फोटो धाडला. तीन येला."

मी नंतर ऑफिसात चौकशी केली. फोटो पोचले होते. मोरीच्या पाण्याचे फोटो म्हणून कुणीतरी 'नॉट रिलेटेड' करून बाजूला टाकले होते. त्या डब्यात रुळाच्या तड्याला बटण होतं, सैल चावीला होतं, पाण्याला नव्हतं.

पावणेपाचचा रेक येणार होता. रेक म्हणजे कंटेनर भरलेली अख्खी मालगाडी. मी सौरभ सरांना फोन लावला.

"सर, ब्लॉक पाहिजे. आत्ता. रेक यार्डातच थांबवा, अकरा नंबर उकरायचाय."

"सर, मशीन परवाच गेली तिथून. रीडिंग ओके आहे."

"वर ओके आहे. मला खाली बघायचंय."

"शिप उभं आहे, सर. रेक अडवला तर वरून मला विचारणार. काही सापडलं नाही तर काय सांगू?"

"सांगा, परकार म्हातारा झाला. आणि यादीत तिसरं नाव माझं लिहा."

पलीकडून खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "थांबवतो. मी पण येतो तिकडे."

हे त्या माणसाच्या बाजूने सांगायलाच हवं. त्याला रुळातलं काही कळत नव्हतं, पण तो आला. पॉलिश केलेल्या बुटांनी चिखलात उतरला.

रूळदुरुस्तीच्या गँगची सहा माणसं आली. रुळाशेजारची खडी ओढली. वर सगळं दगडासारखं घट्ट. सौरभ सरांनी माझ्याकडे बघितलं. मीही आतून जरा हललो होतो, खोटं कशाला बोलू. धर्मा म्हणाला, "अजून दोन हात मोरीकडं." तिथे त्याने स्वतः पहार मारली. पहिल्या घावाला अडली. दुसऱ्या घावाला अडलीच नाही, हातातून निसटून मुठीपर्यंत आत गेली.

उकरलं तेव्हा स्लीपरखाली पोकळी निघाली. एखादं वासरू आरामात बसेल एवढी. वर खडीचा पापुद्रा, त्यावर रूळ, आणि त्यावरून रोज रेक चाललेले. सौरभ सर खाली वाकून बराच वेळ आत बघत होते.

"घरत," ते शेवटी म्हणाले, "हे तुम्हाला कसं कळलं?"

"बसून," धर्मा म्हणाला.

दोन दिवस लाइन बंद राहिली. दगड, वाळूच्या गोणी, बाहेरून पिचिंग, म्हणजे दगडांचं अस्तर. मग महिनाभर कॉशन, म्हणजे तेवढ्या टप्प्यात गाडी माणसाच्या चालीने न्यायची. सौरभ सरांनी रिपोर्टात धर्माचं नाव ठळक अक्षरांत लिहिलं आणि यादीतून काढलं. दोन्ही त्यांनी स्वतःहून केलं.

पण मेन ऑफिसाला घटनेशी घेणं नव्हतं, आकड्याशी होतं. आकडा तीन होता. दीड महिन्याने माझे अकरा महिने संपले, आणि नवा कागद आला नाही. सौरभ सर स्वतः सांगायला आले, चहा घेतला, नजर मात्र चुकवत होते. मी म्हणालो, "अहो, शब्द माझाच होता. फक्त सापडलं नाही तर म्हणालो होतो, सापडलं तरी लागू पडला." ते हसले नाहीत.

माझं पेन्शन आहे, माझं भागतं. माझ्याच पेनाने गेलेल्या त्या दोघांना मात्र पेन्शन नाही. एक ट्रेलर पार्किंगमध्ये वॉचमन आहे, दुसऱ्याचा पत्ता नाही.

धर्माच्या डब्यात आता नवा प्रोग्राम टाकलाय. नाव 'टाइड वॉच'. अकरा नंबरपाशी रोज चाळीस मिनिटं थांबायचं, आधी हलला तर डबा किंचाळतो. रोज, म्हणजे भांगालासुद्धा. मोरीत घोटाभर पाणी नसतानाही तो बिचारा तिथे बसतो. मला म्हणाला, "सायेब, आदी बसलो म्हनून काढीत होते, आता उठलो तर काढतील."

चाळीस वर्षांच्या नोकरीतून मी एवढंच शिकलो. एखादा माणूस कामात बसलेला दिसला, तर त्याला कमी करण्याआधी एकदा त्याच्या शेजारी जाऊन बसावं.

मी आता श्रीवर्धनला असतो. दर अमावास्या-पौर्णिमेनंतर दुपारी तीनच्या सुमारास फोन वाजतो. मी त्याचा कोणी साहेब नाही, त्याने मला कळवावं असा कुठलाही नियम नाही. तब्येत वगैरे विचारायच्या आधी तो एवढंच सांगतो, "सायेब, नितल हाय." मी "बरं" म्हणतो आणि डायरीत लिहून ठेवतो.