लोटूच्या पाळीतला माणूस

लोटू आणि चेतन एकाच गादीवर झोपत, पण एका वेळी कधीच नाही. सुरतच्या भेस्तानमधली ती खोली दोघांत होती. लोटू पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये कायम रातपाळीला. तो सकाळी यायचा तेव्हा चेतन साडी मार्केटला निघून गेलेला असे. संध्याकाळी चेतन परतायचा तेव्हा लोटू नुकताच गेलेला. गादी मात्र गरम लागायची. गाठ पडायची ती मिलच्या सुट्टीला.

"काय मास्तर, आज काय शिकवलं साड्यांना?" लोटू विचारायचा.

चेतन मास्तर नव्हता. मराठी घेऊन बी.ए. झाला होता आणि एका पेढीत बिलं टाइप करत होता. पण लोटूच्या लेखी शिकलेला माणूस म्हणजे मास्तर.

लोटू पारोळ्याकडचा, चाळिशीचा, एकटा. त्याची नखं त्या दिवशीच्या कापडाच्या रंगाची असत. कधी जांभळी, कधी पोपटी. जेवताना तो ती जरा लपवायचा.

चेतनने पेढीतून काढून टाकलेला कॉम्प्युटर घरी आणला. दुरुस्तीवाल्याने त्यावर लिनक्स टाकून दिलं होतं. बटण दाबलं की काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी भराभर धावत. लोटू समोर मांडी घालून बसला.

"काय म्हणतंय हे?"

चेतनलाही ठाऊक नव्हतं. त्याने शोधून काढलं. ओळी पळाल्या तरी आत साठून राहतात. `journalctl -b` लिहिलं की सगळ्या पुन्हा दिसतात. मेमरी किती, डिस्क कोणती, कीबोर्ड आहे का. फोन आधीच तारेने जोडलेला असेल तर त्याचंही नाव.

"म्हणजे उठल्याउठल्या हातपाय चाचपतंय," लोटू म्हणाला. "मग दारात कोण आलंय ते बघतंय. माझं नाव घेतं?"

"तुमचं नाही भाऊ. तुमच्या फोनचं घेतं."

"चालेल. फोन काय नि मी काय."

तेव्हापासून दुपारी झोप झाली की लोटू आधी फोन जोडायचा, मग बटण दाबायचा. अहिराणी गाणी ऐकायचा. बंद करताना पडदा पूर्ण काळा होईपर्यंत हलायचा नाही. "पाहुण्याला दारापर्यंत सोडायला नको?"

श्रावणात कानबाईच्या सणाला लोटू गावी गेला. तो परत आल्याचं चेतनला गादीवरून कळलं. ती पुन्हा गरम लागू लागली. भेट मात्र होईना. सुट्टीच्या दिवशीही तो नसायचा. 'बहिणीकडे चलथाणला जातो', असा मेसेज यायचा.

एका संध्याकाळी सुरुवातीच्या ओळींत एक नवी ओळ दिसली. डिस्क मागच्या वेळी नीट बंद झाली नव्हती, आता दुरुस्त करतो आहे. दुसऱ्या दिवशी तीच ओळ. चेतनने मेसेज टाकला, 'भाऊ, भिंतीवरच्या बटणावरून बंद करू नका.' उत्तर आलं, 'बरं.' पुन्हा तीच ओळ.

चेतनला राग यायला हवा होता. त्याला भीती वाटली. लोटू असं करणार नाही.

त्याने `journalctl --list-boots` लिहिलं. कॉम्प्युटर केव्हा केव्हा चालू झाला ते सगळं तारखेवार समोर आलं. तो एकेक दिवस उघडत मागे गेला. कानबाईपर्यंत दर दुपारी लोटूचा फोन. दर वेळी नीट निरोप. लोटू गावाहून परतल्यानंतरच्या पहिल्याच दुपारी दुसऱ्या फोनचं नाव होतं. तिथून पुढे तोच. लोटूचा फोन पुन्हा एकदाही नाही.

माणूस फोन बदलतो, चेतनने स्वतःला सांगितलं. पण फोनबरोबर सवयही?

त्याने लोटूच्या नंबरवर फोन लावला. तो वाजला, मग कापला गेला. लगेच मेसेज आला. 'मशीनवर आहे मास्तर.'

चेतन गादीवरून उठला. ती अजून गरम होती. त्या रात्री तो फरशीवर झोपला.

दुसऱ्या दिवशी पोट दुखतंय असं सांगून तो पेढीतून दुपारीच निघाला. खोलीचं दार वाऱ्यासाठी किलकिलं होतं. आत लोटू भिंतीकडे तोंड करून झोपला होता. तेच खांदे. तोच उशीखाली घातलेला हात. चेतनचा जीव भांड्यात पडला.

"लोटूभाऊ," तो म्हणाला.

माणूस वळला. चेहरा लोटूचाच होता, पण त्यावरची दहाएक वर्षं कुणी पुसून टाकली होती. नखं निळी. तो दचकून उठून बसला.

"कोण तुम्ही?"

"दगा. लोटूना धाकला भाऊ."

"लोटूभाऊ कुठे आहेत?"

दगाने खिळ्याकडे पाहिलं. तिथे लोटूचं मिलचं कार्ड लटकत होतं.

"मरी गया भाऊ. कानबाईना दिन. छातीमा कळ उनी नि पडना."

चेतनने खिशातून फोन काढला. "आणि मेसेज?"

"त्याचा फोन पडताना फुटला. सिम माझ्यात घातलं." दगा आता त्याच्यासाठी जपून मराठी बोलत होता. "मास्तर मास्तर करत दादा घरी तुमचंच सांगायचा. म्हणून तसं लिहायचो."

"मला कळवायचं तरी!"

"कळवलं असतं तर मिलपर्यंत गेलं असतं. त्याच्या कार्डावर मी आत जातो. आई म्हणाली, पोरगा गेला, त्याची जागा तरी राहू दे. तुम्ही सांगणार का?"

चेतन काही बोलायच्या आत खालून हाक आली. "लोटू! ए लोटू! पाणी आलंय रे, बादल्या आण!" खालच्या मजल्यावरची घरमालकीण उषाबाई. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता.

दगा उठला नाही. चेतनकडे बघत राहिला. खालून पुन्हा हाक आली.

चेतनने कोपऱ्यातल्या बादल्या उचलल्या आणि त्याच्या हातात दिल्या.

"उनू मावशी!" दगा ओरडला. आवाज लोटूचा होता.

जिन्यावर पावलं वाजली. नळाखाली बादली भरू लागली.

"काय रे," उषाबाई म्हणत होती, "कानबाईहून आलास तेव्हा डोकं भादरलेलं दिसलं मला. विचारीन विचारीन म्हणत राहिले. घरी सगळे बरे ना?"

"बरं शे मावशी," उत्तर वरपर्यंत ऐकू आलं. "मन्हा धाकला भाऊ तेवढा गया. दगा."