एका दमात येणारा साडू

माझ्या साडूला एका जागी स्वस्थ उभं राहिलेलं पाहिलंय, असं सांगणारा माणूस महाडपासून पोलादपूरपर्यंत कुणी असेल तर त्यानं खुशाल माझ्याकडे यावं. मी त्याला पोटभर जेवू घालीन आणि वर तोंडावर खोटारडा म्हणेन. या माणसाला मी ओठावर मिसरूड फुटलं तेव्हापासून ओळखतो. आमच्या बायका सख्ख्या बहिणी म्हणून तो माझा साडू. पण त्याच्या आधीपासून तो माझा वैरी. तो पोलादपूरकडच्या संघाचा चढाईचा गडी आणि मी महाडकडच्या आमच्या गावचा डावा कोपरा. त्याचं काम असं, की हुतुतू म्हणत आमच्यात घुसायचं, कुणाला तरी शिवायचं आणि दम तुटायच्या आत मधली रेघ गाठायची. माझं काम त्याचा घोटा धरून त्याला तिथंच पाडून ठेवायचं. लग्नानं आम्हाला नातेवाईक केलं, पण कामं काही बदलली नाहीत.

उभा राहिला की तो डुलतो. गुडघ्यात किंचित वाकलेला, दोन्ही हात कोपरापासून सुटे, नजर समोरच्याच्या पायावर. मैदानात असा उभा राहिला तर माणूस शोभतो, पण हा बँकेच्या रांगेत तसाच, रेशनच्या दुकानात तसाच आणि मयताच्या दारातही तसाच. पुढच्या माणसाला उगाच वाटत राहतं, की हा आता आपल्याला शिवून पळणार. आणि पुष्कळदा तो शिवतोही. महाडच्या स्टँडवर त्यानं एकदा एका पोलिसाच्या खांद्यावर टिचकी मारली आणि दोन पावलं मागं उडी घेतली. पोलीस भला माणूस होता, त्यानं नुसतं विचारलं, काय काम आहे? साडू म्हणाला, ‘काय नाय साहेब, तुमचा उजवा पाय फार पुढं पडलेला दिसला.’ एसटीत त्याला जागा मिळाली तर तो पुढच्याच थांब्यावर कुणा बाईमाणसाला ती देऊन टाकतो. लोकांना वाटतं किती दानशूर. अहो, तो बसूच शकत नाही. पंगतीत वरणभात वाढेपर्यंत हा ताक पिऊन उठलेला असतो, आणि सत्यनारायणाला बसवला तर तिसऱ्या अध्यायाला भटजी एकटेच.

दुसरी खोड म्हणजे पाठ न दाखवणं. चढाईचा गडी परतताना वैऱ्याकडे पाठ करत नाही, कारण पाठ केली की माझ्यासारखा कोपरा झडप घालतो. हे खरंच आहे. पण म्हणून माणसानं डॉक्टरच्या खोलीतून, तलाठ्याच्या कचेरीतून, देवळातून, सगळीकडून उलट्या पावलांनी बाहेर पडावं? हा पडतो. माझ्या सासुरवाडीला मेव्हणीला बघायला आला तेव्हाची गोष्ट. उंबऱ्यापाशी आधी वाकून त्यानं जमिनीला हात लावला, मग आत आला. पोहे उभ्यानंच खाल्ले. मुलीला नाव विचारलं की नाही देव जाणे, पण तिच्या पायांकडे बघून हसला. आणि निघताना सगळ्यांकडे तोंड करून, हात जोडून, एकेक पाऊल मागं टाकत ओटीवरून उतरला तो थेट अंगणातल्या म्हशीवर जाऊन आदळला. मी कोपऱ्यात बसून मनात म्हटलं, झालं, आता हे स्थळ मोडलं. तर आमच्या सासूबाईंचे डोळे भरून आलेले. म्हणाल्या, ‘किती वळण हाय गो पोराला! मोठ्यांना पाठ दाखवत नाय.’ लग्न तिथंच ठरलं. खरं काय ते मी त्यांना पुष्कळदा समजावून सांगितलं. त्यांनी मरेपर्यंत ऐकलं नाही. उलट पाठ करून जातो म्हणून मलाच बोल लावत राहिल्या.

खेळाडू म्हणून मात्र त्याला नावं ठेवणारा अजून जन्माला यायचाय, आणि हे मी म्हणतोय, ज्यानं त्याच्या घोट्यासाठी दोन्ही कोपरं सोलून घेतलीत. त्या वेळी मैदान म्हणजे भात झोडून रिकामं झालेलं खळं, शेणानं सारवलेलं. चुन्याच्या फक्कीची रेघ, भोवती माणसं, झाडावर माणसं. पुढं महाडहून शिकलेले पंच आले आणि म्हणाले, हुतुतू बंद, आता कबड्डी म्हणायचं. आम्ही म्हणालो. साडूनं ऐन सामन्यात खेळ थांबवून पंचाला सांगितलं, ‘साहेब, हुतुतू तोंडात फिरतो. तुमचा कबड्डी दातावर आपटतोय, त्यात माझी हवा सांडते.’ पंचांनी त्याला बाद दिला. पुढच्या चढाईला त्यानं कबड्डी म्हणत आमचे तिघे नेले आणि जाताना पंचालाही शिवला. याच्या जोरावर मुंबईच्या एका कंपनीनं त्याला नोकरीवर घेतलं. काम नाममात्र, खेळायचं तेवढं. पोलादपुरात मिरवणूक निघाली. पण मुंबईतली खोली अशी, की हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागायचे. ‘तिथं चढाई कुठं करू?’ म्हणून वर्ष भरायच्या आत परत आला. मेव्हणी महिनाभर बोलली नाही. मग तो शेती, ट्रकवर क्लीनर, औद्योगिक वसाहतीत पाळीची नोकरी, रायगडाखाली हिरकणीवाडीत ताकाचं दुकान असं सगळीकडे शिवून परत आला. राहिला कुठंच नाही. खेळणं मात्र सोडलं नाही. मंडळाच्या पोरांनी ज्येष्ठ खेळाडू म्हणून शाल द्यायचं ठरवलं की हा त्या दिवशी परागंदा. म्हणतो, शाल घेतो तो बसतो.

आता मुख्य गोष्ट. माझा साडू अंतर मोजतो ते दमात. किलोमीटर त्याला पटत नाही. पोलादपूरच्या स्टँडपासून देऊळ एक दम, देवळापासून त्याचं घर एक दम, चिंचेपासून विहीर अर्धा. आंबेनळी घाट आपण हुतुतू म्हणत किती दमात चढलो हे तो दर वेळी वेगळं सांगतो, त्यात मी पडत नाही. आणि माझ्या घराचं मोजमाप म्हणाल तर ते अख्ख्या गावाला ठाऊक. माझ्याकडे आला की तो पाहुण्यासारखा येतच नाही. फाटकाशी थांबतो, जमिनीला हात लावतो, आणि हुतुतूहुतुतू करत अंगण तुडवत ओटीपर्यंत येतो, मला शिवतो, आणि त्याच दमात उलट्या पावलांनी परत फाटक गाठतो. मग माणसासारखा आत येऊन ‘पाणी दे गो’ म्हणतो. जाणंयेणं मिळून एक दम. मी दर वेळी घोट्याला हात घातला आणि दर वेळी हाताला वारा लागला. आमची मंडळी आधीच पाटावरचे पापड उचलून ठेवायची. एवढी वर्षं असंच चाललं.

मग हायवेचं काम निघालं. पोलादपुरात डोंगर खणले, रस्ता खाली गेला, वर पूल आले, कुठून कुठं जायचं ते चांगल्या ड्रायव्हरांना कळेना. त्याच सुमाराला साडूनं मला येऊन सांगितलं, की स्टँड ते देऊळ आता दोन दम झालंय. ‘रस्ता लांबवलाय त्यांनी. रुंद करताना लांबपण झाला. पीठ लाटल्यावर कसं सगळीकडून पसरतं, तसं.’ मी म्हटलं, देऊळ तिथंच, स्टँड तिथंच. तर म्हणाला, चिंचेपासून विहीरपण लांब गेलीय, हादऱ्यानं जमीन सरकली असणार. मला खोटी मान डोलवायची सवय नाही, कधी नव्हती. मी म्हटलं, ‘साडू, रस्ता तेवढाच हाय. दम आखूड झालाय तुझा.’ तो उलट्या पावलांनी निघून गेला, आणि पुरा एक पावसाळा आला नाही. मी बोलावलं नाही. खरं बोलणाऱ्यानं का बोलवायचं?

दिवाळीनंतर मेव्हणीचा फोन आला. ‘भावजी, ह्यांना महाडच्या डॉक्टरला दाखवलं. फुप्फुसं थकलीत म्हणतात. पळायचं नाय, दम धरायचा नाय. तुम्ही सांगा, माझं ऐकत नायत.’ मी गेलो. हा खाटेवर, म्हणजे खाटेभोवती, फिरत होता. हातात डॉक्टरनं दिलेलं प्लास्टिकचं खेळणं. त्यात तीन गोळे असतात, नळीतून श्वास ओढला की ते वर चढतात. त्यानं त्याचा सामनाच मांडला होता. किराणावाल्याला ओढायला लावलं, पोस्टमनला लावलं, आणि त्यांचे तिन्ही गोळे वर गेले की ‘नवशिका हाय, ताकद घालवतो’ म्हणायचा. माझ्यासमोर त्यानं ओढलं. एक गोळा वर गेला, थरथरला. दुसरे दोन जागचे हलले नाहीत. माझी नजर त्यानं ओळखली. नळी तोंडातून काढून म्हणाला, ‘दोन गडी बाद झालेत. एक शिल्लक हाय. एका गड्यावर डाव फिरवलेत मी, तुझ्याच गावात.’ ते खरं होतं. रस्त्याचा विषय मी काढला नाही, त्यानंही काढला नाही.

आणि या माघात, मी ओटीवर वाल सोलत बसलो असताना, फाटकाशी रिक्षा थांबली. मेव्हणी आतूनच ओरडत होती, नको म्हणून. हा उतरला, वाकला, जमिनीला हात लावला. वर यायला त्याला वेळ लागला. मग सुरू झालं, हुतुतू, हुतुतू. आवाज असा, की पोत्यात घातलेला पंप. पण पावलं तीच, डुलणं तेच. ओटीपर्यंत आला आणि माझ्या गुडघ्याला बोट लावलं. बोट गार होतं. मग मागं मागं निघाला. तोंड माझ्याकडे, फाटक पाठीमागं, लांब. अंगणाच्या मध्यावर आवाज बारीक झाला. ओठ हलत होते. मला माहीत होतं, दम आता तुटणार, आणि तुटला तर हा बाद होईल. माझ्या अंगणात हा कधी बाद झाला नव्हता. त्यालाही ते माहीत होतं, त्याच्या डोळ्यांत दिसत होतं.

मी वालाची परडी सारली आणि उठलो. तो घोटा चुकवायला बाजूला झाला, सवयीनं. मी घोटा धरला नाही. त्याला वळसा घालून मी त्याच्या पाठीमागं गेलो. उभ्या आयुष्यात मला हे साधलं नव्हतं, त्याच्या मागं कुणीच पोचू शकत नसे. आणि त्याच्या टाचेच्या मागं, हातभर अंतरावर, सारवलेल्या जमिनीत पायाच्या अंगठ्यानं आडवी रेघ ओढली. जोरानं ओढली, शेणाची खपली निघाली. त्यानं मान वळवून बघितलं. मग टाच मागं टाकली. रेघेला लागली.

बराच वेळ तो गुडघ्यांवर हात ठेवून नुसती हवा ओढत राहिला. मेव्हणी पाणी घेऊन धावली. शेवटी म्हणाला, ‘अंगण वाढवलंयस तू.’

मी म्हटलं, ‘होय. मागच्या साली वाढवलं.’

आमची मंडळी दारात उभी होती. तिनं माझ्याकडे असं बघितलं, की मी परत वाल सोलायला बसलो.

तेव्हापासून तो आला की रेघ मीच ओढतो. तो आता फाटकाऐवजी रेघेपासूनच सुरुवात करतो, आणि दर खेपेला रेघ ओटीच्या जवळ येते. आम्ही दोघंही ती बघतो. पुढं त्याला रिक्षानंही येववणार नाही, हे मला दिसतंय. तेव्हा मी पोलादपूरला जाईन. त्याच्या खाटेशेजारी फरशी आहे, तिच्यावर अंगठा उमटायचा नाही, म्हणून खिशात फक्कीची पुडी नेईन. रेघ त्याच्या हाताला लागेल इतक्या जवळ मारीन. आणि निघताना, माझ्या सासूबाईंनी बघायला हवं होतं, त्याच्या खोलीतून मी उलट्या पावलांनी बाहेर येईन.